वकिलावाचून न्याय : गोतसभेपासून लोकन्यायालयापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वंदन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. मी कायद्याचा पंडित नाही. माझे आयुष्य मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात गेले. परंतु जुनी मराठी कागदपत्रे वाचावयास घेतली की वाङ्मयाच्या आधी कज्जेच पुढे येतात. महजर, करीने, निवाडपत्रे यांनी आपल्या इतिहाससाधनांचे खंडच्या खंड भरलेले आहेत. हे कागद वाचताना एक प्रश्न मला सतत पडत आला. ज्याच्याजवळ पैसा नाही, विद्या नाही आणि आपली बाजू मांडणारा कोणी नाही, अशा माणसाला दिवाणी तंट्यात न्याय कसा मिळत होता, आणि आज तो कसा मिळावा? हाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभ ‘वकील’ या शब्दापासूनच करू. पेशवाईतील पत्रव्यवहारात हा शब्द पदोपदी भेटतो, पण तेथे तो प्रामुख्याने राजदूत असतो. परदरबारी राहून आपल्या धन्याचे म्हणणे मांडणारा आणि तेथील खबर कळविणारा तो वकील. मूळ अरबी शब्दाचा अर्थ, ज्याच्यावर काम सोपविले आहे तो, असा आहे. न्यायसभेत पक्षकाराच्या वतीने कायद्याचा कीस काढणारा धंदेवाईक वकील हा अर्थ या शब्दाला इंग्रजी अमलात रूढपणे चिकटला. शब्दाचा अर्थ असा पालटतो तेव्हा समाजातील एखादी व्यवस्थाही पालटलेली असते.

ती जुनी व्यवस्था म्हणजे गोतसभा. तिचे सविस्तर विवेचन डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात केले आहे. वतनाचा, सीमेचा किंवा वाटणीचा तंटा उपस्थित झाला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गोत एकत्र बसत. दावा सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून निर्णय मान्य करण्याविषयी जामीन आणि लेख घेतले जात. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेतली जाई. आपल्या वतनाचा इतिहास मूळ पुरुषापासून सांगणारा करीना हा तर या व्यवहाराचा गाभाच होय. शेवटी निवाडा होई. जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून, मी हरलो, यापुढे कथळा करणार नाही, अशा आशयाचे येजितखत घेतले जाई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढे नांगर उमटे, तसाच सुताराच्या नावापुढे त्याच्या हत्याराची खूण उमटे.

या पद्धतीत निरक्षर कुणब्यालाही मध्यस्थाची गरज फारशी पडत नसे. त्याचे कारण गोतसभेचे सदस्य विशेष दयाळू होते, हे नव्हे. तेथे पक्षकाराला कायद्याची भाषा बोलावी लागत नसे, हे त्याचे कारण आहे. त्याने आपली हकीकत आपल्या बोलीत सांगावयाची. ती प्रश्न विचारून पुरी करून घेणे आणि लिहून काढणे हे काम सभेचे. आज वकील जे काम करतो, त्यातील निम्मे तरी काम न्याय देणारेच करीत होते.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट बसविण्याचे कारण नाही. सभेत सर्वांना सारखे आसन नव्हते. साक्षीपुराव्याने निर्णय होईना तेव्हा तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्यासारखे दिव्य करावे लागे. न्याय फुकटही नव्हता. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. लहानसहान देण्याघेण्याचे तंटे तर पुष्कळदा सभेपुढे येतच नसत. सावकार ऋणकोच्या दारात माणूस बसवून तगादा लावी, किंवा स्वतः धरणे धरून बसे. आज आपण धरणे हा शब्द लोकशाहीतील निषेधाचा प्रकार म्हणून वापरतो. त्याचा एक जुना अर्थ कर्जवसुलीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पेशवाईचा अस्त झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यात त्याने पंचायतीचे गुणदोष दोन्ही मांडले. पंचांना बोलावून बसविण्याचे बळ कोणाच्या हाती नाही, काम रेंगाळते, निर्णयाच्या अंमलबजावणीची खात्री नाही, हे दोष त्याने लपविले नाहीत. तरीही लोकांच्या ओळखीची आणि विश्वासाची ही संस्था मोडू नये, असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात घडले ते निराळे. १८२७ ची मुंबई इलाख्याची संहिता आली, न्यायालये स्थिरावली आणि पंचायत ही केवळ उभय पक्षांच्या खुशीची गोष्ट उरली. ज्याची बाजू बळकट तो खुशीने पंचायतीकडे कशाला जाईल? न्यायालयाचा हुकूम सरकारी शिपाई अमलात आणीत होता, पंचांचा शब्द कोणी आणीत नव्हता.

नव्या न्यायालयांनी पुष्कळ चांगलेही केले. दिव्य गेले, नियम लिहिले गेले, अपिलाची वाट मोकळी झाली. पण त्याबरोबर एक गृहीतकृत्य आले. दोन्ही पक्ष आपापली बाजू मांडण्यास समर्थ आहेत आणि न्यायाधीशाने मध्यभागी स्तब्ध बसून जे पुढे येईल त्याचाच तोल करावयाचा, हे ते गृहीतकृत्य. दख्खनच्या शेतकऱ्याला ते भोवले. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून जे कर्जरोखे येत ते मोडीत लिहिलेले असत, आणि त्याला मोडी काय, बाळबोधही वाचता येत नसे. कर्जाच्या दाव्यांची मुदत १८५९ च्या कायद्याने आखूड केली, ती ऋणकोच्या सोयीसाठी. झाले उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि शेतकरी त्याखाली अंगठा उठवी. दावा लागला की तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च, बुडणारे दिवस आणि वकिलाची फी यांना भिऊन तो हजरच राहत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई. त्याने उत्तर दिले नाही याचा अर्थ त्याच्याजवळ उत्तर नव्हते, असा घेतला जाई.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो उद्रेक झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तो दख्खनचे दंगे या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या दंग्यांतील एक गोष्ट अभ्यासकांनी पुनःपुन्हा नोंदविली आहे. जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळावयाचे, हा त्यांचा हेतू होता. ज्या कागदाला आपल्याला उत्तर देता येत नाही, तो कागदच नाहीसा करण्याचा हा प्रयत्न होता. त्याचे समर्थन करण्याची गरज नाही. पण न्यायाचे दार भाषेने आणि खर्चाने बंद झाले की काय होते, हे त्यावरून समजते.

याच दशकात पुण्यात सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने लवाद कोर्टाचा उपक्रम आरंभिला. तंटे आपसांत आणि थोड्या खर्चात मिटावेत, ही त्यामागील कल्पना. लवादाचा मार्ग उत्तम, पण तो पुन्हा उभयपक्षी संमतीवर अवलंबून होता. सावकाराला न्यायालयात हमखास यश मिळत असताना त्याने लवादाची वाट धरावी, ही अपेक्षा कशी पुरी व्हावी?

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपल्याकडे हा कायदा कर्जनिवारणाच्या इतिहासात शिकविला जातो. मी तो न्यायदानाच्या इतिहासातील एक धाडसी प्रयोग म्हणून वाचतो. कर्जासाठी शेतकऱ्याची अटक आणि कैद त्याने बंद केली, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाच्या चार गोष्टी त्यात आहेत.

पहिली गोष्ट लेखनाची. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे, त्याच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजेत, असा दंडक घातला. पैसे दिल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. दुसरी गोष्ट सलोख्याची. दावा लावण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जावे आणि तेथे जमले नाही तर त्याचा दाखला आणावा, अशी व्यवस्था केली. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष वकिलांविषयी. सलोखा करणाऱ्यापुढे, गावच्या मुन्सफापुढे आणि १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना मज्जाव केला. मात्र मोठ्या दाव्यात सावकाराकडून वकील उभा राहिला आणि शेतकऱ्याला तो देण्याची ऐपत नाही असे न्यायाधीशास दिसले, तर सरकारी वकिलास किंवा अन्य योग्य व्यक्तीस, त्याच्या संमतीने, शेतकऱ्याच्या बाजूने उभे करण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. सरकारी साहाय्याने गरिबाला दिवाणी दाव्यात वकील देण्याची ही तरतूद १८७९ ची आहे, याचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही.

चौथी गोष्ट या सर्वांहून मोलाची. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायाधीशाने थांबू नये. रकमेविषयी वाद असेल तर त्याने दोन्ही पक्षांची जबानी घ्यावी, त्यांच्या देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासावा, लबाडी, चूक किंवा दडपण झाले आहे काय ते पाहावे, आणि मुद्दल व व्याज वेगवेगळे मांडून हिशेब नव्याने करावा. ऋणकोने रक्कम कबूल केली तरी, ती कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पुरतेपणी समजून दिलेली आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाली, तरच ही चौकशी टाळता येत होती. श्रोतेहो, गोतसभेतील करीन्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. हकीकत मुळापासून काढून घेण्याचे काम पुन्हा न्याय देणाऱ्याकडे आले. फरक इतकाच, की आता त्याच्यामागे राज्याचे बळ होते आणि दिव्याऐवजी हिशेब होता.

या कायद्याखालील खास न्यायाधीशाच्या कचेरीत १८८० च्या दशकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. पुढे कायद्याचा मुलूख वाढला, त्यातील काही भाग मागे पडले आणि सावकारांनी पळवाटाही शोधल्या. गहाणखताऐवजी दिखाऊ खरेदीखत लिहून घेणे, ही त्यांपैकी प्रसिद्ध. तरीही वकिलावाचून न्याय कसा शक्य आहे, याचे या कायद्याने दिलेले उत्तर मला पटते. नुसता वकिलाला बाहेर ठेवल्याने दुबळ्याचे काही साधत नाही. सावकार स्वतःच कागदात मुरलेला असतो. त्याला वकील नसला तरी चालते. वकील करीत असलेले विचारण्याचे, तपासण्याचे आणि लिहिण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपविले, तरच त्याच्या गैरहजेरीला अर्थ येतो.

ते काम ज्याच्यावर सोपवावयाचे तो माणूस कसा असावा, हा प्रश्न महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फार कठोरपणे उपस्थित केला. कुलकर्णी, कारकून, कामगार ही लिहिणारी माणसे एकाच वर्गातून येतात आणि अज्ञानी शेतकऱ्याला नाडतात, हा त्यांचा आक्षेप होता. हक्क कागदावर कितीही असो, तो वाचून दाखविणाराच विश्वासाचा नसेल तर काय उपयोग? म्हणूनच फुल्यांच्या लेखी शेतकऱ्याच्या मुलांचे शिक्षण हा न्यायाचाच प्रश्न होता.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे घराणे मराठी, पण त्यांच्या राज्याचा कारभार आणि न्यायव्यवहार प्रजेच्या भाषेत, म्हणजे गुजरातीत चाले. घरी मराठी बोलणाऱ्या आम्हां लोकांना याचा विषाद वाटण्याचे कारण नाही. न्याय मागणाऱ्याच्या भाषेत न्याय द्यावा, हेच तत्त्व त्यात होते. १९३१ मध्ये बडोद्याहून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभार आणि न्यायालये यांतील इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. भाषेचा अध्यापक या नात्याने मी त्याकडे केवळ कोश म्हणून पाहत नाही. कायद्याचा शब्द सामान्य माणसाला कळावा ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, याची ती लेखी कबुली आहे.

याच मुलखाच्या पूर्वेकडील आदिवासी भागात, आता छोटाउदेपूर जिल्ह्यात असलेल्या रंगपूर येथे, गांधीवादी कार्यकर्ते हरिवल्लभ परीख यांनी १९४९ मध्ये आनंद निकेतन आश्रम स्थापला. तेथे त्यांनी चालविलेली लोकअदालत पुढे देशभर अभ्यासाचा विषय झाली. उघड्यावर, सर्वांसमक्ष, आदिवासींच्या बोलीत लग्नाचे, जमिनीचे, भांडणाचे तंटे ऐकले जात आणि वकिलावाचून तोडगा निघे. विधिज्ञ उपेंद्र बक्षी यांनी १९७६ मध्ये तिच्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘तकरारीपासून करारापर्यंत’ हा प्रवास आहे. तक्रार आणि करार हे दोन्ही शब्द अरबीतून मराठी-गुजरातीत आले. पहिल्याच्या मुळाशी पुनरुक्तीचा अर्थ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी स्थिरतेचा. तेच तेच पुनःपुन्हा सांगणाऱ्या माणसाचे कोणीतरी एकदाचे ऐकून घ्यावे आणि त्याचे चित्त स्थिर व्हावे, हा त्या दोन शब्दांमधला न्याय होय.

पुढील इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समित्यांनी १९७० च्या दशकात विधी साहाय्याचा पाया घातला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायास मुकू नये हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. मार्च १९८२ मध्ये गुजरातेतच, जुनागढ जिल्ह्यातील तेव्हाच्या उना येथे लोकअदालत भरली आणि ही कल्पना देशभर पोहोचली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील नागरिक यांना मोफत वकील मागता येतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

कायद्याने इतरही दारे उघडली. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. ग्राहक आयोगापुढे ग्राहक स्वतः उभा राहू शकतो. ग्राम न्यायालयांचा २००८ चा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धनाला कोर्ट फी न भरता दावा लावण्याची सोय आहे. त्याच संहितेच्या दहाव्या आदेशात पहिल्या सुनावणीला न्यायाधीशाने पक्षकारांना तोंडी प्रश्न विचारून वादाचे स्वरूप स्पष्ट करून घ्यावे, अशी तरतूदही आहे. करीन्याची ती धुगधुगी आजच्या कायद्यातही आहे. कामाच्या ओझ्याखाली तिच्यावर राख जमते, इतकेच.

येथेच माझी काळजी सांगितली पाहिजे. लोकन्यायालयातील तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालौर सिंग प्रकरणात स्पष्ट केले, की लोकन्यायालयाने निवाडा करावयाचा नसतो, उभयपक्षी झालेली तडजोड नोंदवावयाची असते. म्हणजे सारा भार संमतीवर आला. एका बाजूस बँक किंवा विमा कंपनी, तिचा अनुभवी अधिकारी आणि वकील. दुसऱ्या बाजूस एखादी विधवा, जिला आपला हक्क किती रकमेचा आहे हेच माहीत नाही. ती ‘हो’ म्हणते आणि तंटा मिटतो. एका दिवसात किती प्रकरणे निकालात निघाली, याचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. त्यांतील किती संमती समजून दिलेल्या होत्या, याचा आकडा कोणी ठेवीत नाही. १८७९ च्या परकीय सरकारच्या कायद्याने निरक्षर ऋणकोच्या कबुलीला जी कसोटी लावली होती, आपले हक्क पुरतेपणी समजून दिलेली कबुली, ती कसोटी स्वतंत्र देशाने आपल्या नागरिकाच्या तडजोडीला लावू नये काय? मिटवामिटवी आणि न्याय यांत जे अंतर आहे, ते या एका प्रश्नाने मोजता येते.

ही कसोटी लावावयाची तर पुष्कळ पैसा लागत नाही. तडजोडीची अट पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी, सही न करता दावा पुढे चालविला तर काय मिळू शकेल ते सांगावे, आणि विचार करण्यास त्याला वेळ द्यावा. अर्जाचे आणि समन्साचे नमुने सोप्या गुजरातीत, मराठीत, कन्नडात असावेत. समन्स हाती पडल्यावर प्रथम काय करावे, याचा एक परिच्छेद त्यावरच छापावा. एकतर्फी हुकूमनाम्यांचे मूळ पुष्कळदा त्या न समजलेल्या कागदात असते, हे १८७५ ने शिकविले आहे.

शेवटी या शाळेविषयी आणि आपणांविषयी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना सुरू केली. तीत वकील नसलेल्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन लोकांना माहिती सांगणे, अर्ज लिहून देणे, विधी सेवा कार्यालयापर्यंत पोहोचविणे ही कामे सोपविली जातात. निवृत्त शिक्षक, बँकांतून निवृत्त झालेले कर्मचारी, महाविद्यालयीन विद्यार्थी असे कितीतरी लोक येथे बसले आहेत. लिहिता-वाचता येणे ही या समाजाने आपल्याला दिलेली मिरास आहे, आणि मिराशीबरोबर सेवा येते हे आपल्या जुन्या कागदांतील प्रत्येक वतनदाराला ठाऊक होते. माजी विद्यार्थी संघाने या शाळेच्या एका खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ अशा लेखन-वाचनासाठी राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तेथे कोणी कायद्याचा सल्ला देऊ नये. ते काम जाणकारांचे. हाती आलेला कागद वाचून दाखवावा, येणाऱ्याची हकीकत मुळापासून ऐकावी, तारखांसह क्रमाने लिहून द्यावी आणि योग्य दाराशी त्याला नेऊन पोहोचवावे. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून अनुरूप असे स्मारक मला तरी सुचत नाही.